वॉनस्टेड : प्रासाद गेला, उपवन राहिले

लंडनच्या पूर्वेस वॉनस्टेड नावाचे एक विस्तीर्ण उपवन आहे. तेथे तळी आहेत, वृक्षराजी आहे, वसंतात निळ्या फुलांनी भरून जाणारे रान आहे. ज्याच्यासाठी हे सारे निर्माण झाले तो प्रासाद तेवढा नाही.

या भूमीचा आपल्या इतिहासाशी संबंध आहे, हे फारसे कोणास ठाऊक नसते. इ. स. १६७३ च्या सुमारास ती सर जोशिया चाइल्ड याने विकत घेतली. पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर होऊन ज्याने औरंगजेबाशी युद्ध ओढवून घेतले व ज्याच्या धोरणापायी १६८९ मध्ये मुंबईला सिद्दी याकूतखानाचा वेढा पडला, तोच हा गृहस्थ. येथे मात्र त्याने वृक्षांच्या रांगा लावल्या, मत्स्यतळी करविली. त्याचा पुत्र रिचर्ड याने १७१५ पासून कोलेन कॅम्बेल या वास्तुशिल्पज्ञाकडून भव्य प्रासाद उभारविला.

पुढे ही मालमत्ता कॅथरिन टिल्नी-लाँग या तरुणीकडे आली. १८१२ मध्ये तिने विल्यम वेलस्ली-पोल याच्याशी विवाह केला. १८०३ मध्ये असईच्या रणांगणावर मराठी फौजांशी लढलेल्या आर्थर वेलस्लीचा हा पुतण्या. चुलत्याची शिस्त त्याच्या अंगी नव्हती; उधळेपणा मात्र अपार होता. दहा वर्षांत कर्जाचा डोंगर झाला. १८२२ मध्ये प्रासादातील चीजवस्तूंचा लिलाव बत्तीस दिवस चालला. मागाहून प्रासादही दगडविटांसाठी विकला गेला व जमीनदोस्त झाला. जमीन वारसाहक्काने बांधलेली असल्याने ती सावकारांच्या हाती लागली नाही. आपल्याकडील कित्येक गढ्यांच्या आवारांचे तुकडे कसे पडले हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या बंधनाचे मोल वेगळे सांगावयास नको.

१८७८ च्या कायद्याने लगतच्या एपिंग अरण्याचे रक्षण सिटी ऑफ लंडनच्या महापालिकेकडे आले. तिने १८८० मध्ये येथील १८४ एकर भूमी संपादन केली आणि १८८२ मध्ये ती लोकांस खुली केली. तळ्याकाठची शोभेची कृत्रिम गुहा १८८४ मध्ये जळाली. तिची भिंत अद्याप उभी आहे. ‘टेंपल’ ही छोटी इमारतही शिल्लक आहे. प्रासादाच्या जागी एक खळगा असून सभोवती गोल्फचे मैदान आहे.

खरी चिंता तळ्यांची आहे. त्यांत पाणी टिकत नाही. उन्हाळ्यात काही तळी पार आटतात. २००९ मध्ये हे उपवन इंग्लंडमधील धोक्यात आलेल्या वारसास्थळांच्या यादीत नोंदले गेले.