त्याला घरी पाठवले

मार्कलिखित शुभवर्तमानातला हा उतारा (5:1-20) आपण मिस्सात अनेकदा ऐकला आहे. थडग्यांमध्ये राहणारा, रात्रंदिवस ओरडणारा, दगडांनी अंग ठेचून घेणारा माणूस. लोकांनी त्याला साखळदंडांनी बांधून पाहिले, तेही त्याने तोडले. प्रभू येशूने त्याला बरे केल्यावर मात्र तो वस्त्र नेसून, शुद्धीवर येऊन शांत बसलेला दिसतो.

येथे एक खुलासा आधीच केलेला बरा. मनाचा आजार म्हणजे भूतबाधा, असा अर्थ या उताऱ्यातून काढायचा नाही. आजार, विशेषतः मानसिक आजार, हा वैद्यकशास्त्राचा विषय आहे, असे कॅथलिक ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथच (क्र. 1673) सांगतो. प्रार्थना जरूर करू या. पण रिट्रीटहून आल्यावर 'आता बरं वाटतं' म्हणून डॉक्टरांना न विचारता गोळ्या बंद करू नयेत. काहींचा आजार पूर्ण जातो, काहींना मधुमेहासारखी वर्षानुवर्षे औषधे घ्यावी लागतात. गोळी चालू असतानाही माणूस नोकरी करतो, संसार करतो, गायकवृंदात गातो. तेही बरे होणेच आहे.

आता उताऱ्याचा शेवट पाहू. तो माणूस येशूबरोबर येऊ देण्याची विनंती करतो. येशू नाही म्हणतो आणि त्याला घरी, त्याच्या माणसांत पाठवतो. गावकरी मात्र त्याला शुद्धीवर आलेला पाहून घाबरले! साखळदंडातला वेडा त्यांच्या सवयीचा होता. शेजारी बसणारा शहाणा माणूस त्यांना पचेना. मग अशा गावाने त्याला कसे स्वीकारले असेल?

बेल्जियममधल्या गील या गावाने याचे आपल्या परीने उत्तर दिले आहे. मनोरुग्णांची आश्रयदाती संत डिम्फना हिला तेथे हौतात्म्य आले, अशी परंपरा आहे. मध्ययुगात यात्रेकरू आपल्या आजारी माणसांना तिच्या देवळात आणू लागले. देवळालगतची खोली अपुरी पडू लागली, तेव्हा गावकऱ्यांनी त्यांना आपल्या घरी ठेवून घेतले. ही प्रथा पुढे शतकानुशतके चालली. 1930च्या दशकाच्या अखेरीस असे साडेतीन हजारांहून अधिक लोक गीलच्या घरांत राहत होते. ते एकाच टेबलावर जेवत, शेतात हात लावत, मुले सांभाळत. गावकरी त्यांना रोगी म्हणत नसत. 'घरी जेवणारा' अशा अर्थाचा शब्द वापरत. आज त्यांची संख्या बरीच कमी आहे, पण प्रथा टिकून आहे. रुग्णालयाचा आधार पाठीशी असतोच. 2023 साली युनेस्कोने या परंपरेची दखल घेतली.

आमच्या धर्मग्रामात अशी घरे नाहीत. उलट, घरात असा आजार असला की आम्ही दार लावून घेतो, मुलीचे लग्न जमणार नाही म्हणून. शेजारीही चौकशी टाळतात. हृदयाचे ऑपरेशन झालेल्याला आम्ही फळे घेऊन भेटायला जातो. मनाच्या आजाराने रुग्णालयात राहून आलेल्याकडे कोणी जात नाही.

या आठवड्यात लहान ख्रिस्ती समूहाच्या सभेत मार्क 5:18-20 वाचू या. आपल्या समूहातले कोणते घर बऱ्याच दिवसांत प्रार्थनेला आलेले नाही, हेही पाहू या. तेथे दोघांनी जावे. उपदेश नको, चहा घ्यावा. कोणाला तातडीने बोलायचे असेल तर सरकारची 'टेलि-मानस' सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतूनही, मोफत मिळते.