जुने रिव्हॉल्व्हर : आधी परवाना, मग वय

गोखिवरे, वसई (पूर्व)



जुन्या रिव्हॉल्व्हरबाबत दोन प्रश्न निघतात : ते घरात ठेवता येते का, आणि ते केव्हाचे. पहिल्याचे उत्तर शस्त्र अधिनियम, १९५९ देतो, दुसऱ्याचे शस्त्रावरच्या खुणा. शंभर वर्षे उलटली म्हणजे परवाना लागत नाही, हा समज सर्वत्र आढळतो आणि तोच माणसाला अडचणीत आणतो. म्हणून आधी कायदा पाहावा, मग इतिहास.

जुने घर उतरवताना माळ्यावरच्या पेटीत असे शस्त्र निघाले, तर ते भरलेले आहे असेच धरून चालावे. चाप ओढून पाहू नये, घोडा मागे घेऊ नये, नळी कोणाकडे वळवू नये. जुनी काडतुसे निकामी झाली असतील, असा भरवसा ठेवू नये. विनापरवाना काडतूस बाळगणे हाही गुन्हाच आहे. वस्तू जागीच ठेवून जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्यावा. पिशवीत घालून ती स्वतः नेणे योग्य नव्हे. पोलिसांनी ताब्यात घेताना मेक, बोअर (नळीचा आतला व्यास) आणि क्रमांक लिहिलेली पोच मागून घ्यावी.

आजोबांच्या नावे परवाना होता, एवढ्याने भागत नाही. शस्त्र वारशाने येते, परवाना येत नाही. परवानाधारक वारल्यावर कलम २१ प्रमाणे शस्त्र विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचे असते. वारसाला स्वतःच्या नावे परवान्यासाठी अर्ज करता येतो. शस्त्र नियम, २०१६ मध्ये वारसांसाठी तशी सोय आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकाला दोनच अग्निशस्त्रे ठेवता येतात, आणि वारशाचे शस्त्रही त्या दोनांतच मोजले जाते.

जुने कागद शोधताना जिल्ह्याचा इतिहास लक्षात ठेवावा. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. त्याआधीच्या वसई तालुक्यातल्या परवान्यावर ठाणे जिल्ह्याचा शिक्का असणार. ऑक्टोबर २०२० पासून मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय सुरू झाले. आता गोखिवऱ्यातला अर्ज त्या आयुक्तालयाकडे जातो.

सूट आहे, पण ती अरुंद आहे. कलम ४५ नुसार कालबाह्य घडणीचे, पुराणवस्तू म्हणून मोल असलेले किंवा नादुरुस्त शस्त्र अधिनियमाबाहेर राहते. अट अशी की दुरुस्ती करून किंवा न करताही ते अग्निशस्त्र म्हणून वापरता येऊ नये. लोहाराकडे नेऊन घोडा बसवला की चालेल, असे शस्त्र या सुटीत बसत नाही. २०२० मध्ये पुराणवस्तू गणल्या जाणाऱ्या लहान शस्त्रांच्या नुसत्या ताब्यासाठी परवान्याची गरज काढली गेली. वापरण्यासाठी, बाळगून फिरण्यासाठी आणि वाहतुकीसाठी ती कायम आहे. आपली वस्तू त्यात बसते की नाही, हे घरच्या घरी ठरवू नये. परवाना अधिकाऱ्याकडून लेखी घ्यावे. परदेशी पुस्तकांतली मोजमापे इथे लागू पडत नाहीत : अमेरिकेत १८९८ पर्यंत घडलेले शस्त्र पुराणवस्तू ठरते, भारतात केवळ सालावर काहीच सुटत नाही.

बोअर हा आणखी नाजूक मुद्दा. .३८० आणि .४५५ ची रिमवाली काडतुसे ज्यांत बसतात, ती रिव्हॉल्व्हरे निषिद्ध बोअरची आहेत. ब्रिटिश फौजेचे वेब्ली आणि नंतरचे एनफील्ड नेमके याच बोअरचे. निषिद्ध शस्त्र बेकायदा बाळगल्यास २०१९ पासून सात ते चौदा वर्षे कैद आहे. साधे शस्त्र विनापरवाना ठेवल्यास दोन ते पाच वर्षे.

वय ठरवण्याची सुरुवात चक्रीपासून होते. चक्रीची मागची बाजू बंद आणि प्रत्येक घराला दारू पेटवणारी टोपी बसवायची बारीक नळी असेल, तर ते टोपीचे रिव्हॉल्व्हर. सॅम्युअल कोल्टचे अमेरिकी पेटंट १८३६ चे, रॉबर्ट ॲडम्सचे इंग्लंडमधले रिव्हॉल्व्हर १८५१ चे. त्यामुळे मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला तेव्हाचे रिव्हॉल्व्हर, ही घराण्यातली कथा सांगायला बरी. खरी असू शकत नाही. १८५७ च्या उठावातले असू शकते. घरे आरपार असतील तर शस्त्र काडतुसाचे. स्मिथ अँड वेसनने १८५७ मध्ये अशी चक्री बाजारात आणली आणि त्यामागचे पेटंट १८६९ पर्यंत टिकले. मात्र टोपीची काही शस्त्रे मागाहून काडतुसाची करून घेतलेली असतात. तिथे सांगाडा जुना, चक्री नवी असा मेळ दिसतो.

सांगाडा मधोमध मोडून नळी खाली झुकत असेल आणि झुकताना सगळी काडतुसे एकदम वर उचलली जात असतील, तर वेब्ली शोधावे. त्याचा मार्क १ ब्रिटिश फौजेने १८८७ मध्ये घेतला, मार्क ६ हा १९१५ मध्ये. फौजेसाठी घडलेल्या मार्क ६ च्या सांगाड्यावर वर्ष छापलेले सापडते. रुंद बाणाची खूण म्हणजे सरकारी मालमत्ता. कानपूरच्या सरकारी कारखान्याचे .३२ रिव्हॉल्व्हर वेब्लीच्याच धर्तीवर आहे. दिसायला जुने असले तरी ते पुराणवस्तू नव्हे.

यानंतर चाचणीचे शिक्के पाहावेत. बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाने १९०४ पासून मुकुटाखाली बीपी, बीव्ही आणि एनपी ही अक्षरे वापरली. त्याआधी तिथे मुकुट आणि एकमेकांना छेदणारे राजदंड असत. बेल्जियममधल्या लिएजचा शिक्का लंबगोलात ईएलजी असा. त्यावर मुकुट असेल तर शस्त्र १८९३ नंतरचे. शिक्के वाचायला भिंग आणि तिरपा उजेड पुरतो. पॉलिश पेपर लावू नये, कारण त्याने खुणा पुसतात. शिवाय क्रमांक खोडलेला आढळला, तर तो बाळगणाऱ्यानेच खोडला असे कलम ८ गृहीत धरते. तसे नाही हे त्यालाच सिद्ध करावे लागते.

क्रमांकाची किंमत एका पिस्तुलावरून कळते. १७ डिसेंबर १९२८ रोजी लाहोरला भगतसिंग आणि खेडचे शिवराम हरी राजगुरू यांनी ब्रिटिश पोलीस अधिकारी सॉंडर्सवर गोळ्या झाडल्या. भगतसिंगांचे .३२ चे कोल्ट पिस्तूल पुढे इंदूरला सीमा सुरक्षा दलाच्या संग्रहालयात काळ्या रंगाखाली अनोळखी पडून होते. २०१६ मध्ये रंग काढल्यावर खालचा क्रमांक खटल्याच्या नोंदींशी जुळला आणि ओळख पटली. घराण्यातल्या आठवणीलाही असाच कागद हवा : परवाना, पोच, जुने पत्र, छायाचित्र.

शंभर वर्षांवरची पुराणवस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. १९७२ चा पुरावशेष कायदा तसे सांगतो. विक्री करायची तर परवानाधारक विक्रेत्यामार्फतच करावी. ठेवायचे नसेल, तर पोलिसांमार्फत जमा करावे किंवा संग्रहालयाला देण्यासाठी परवानगी मागावी. कोणताही मार्ग घेतला तरी अर्ज, पोच आणि क्रमांक यांच्या प्रती घरातल्या दस्तऐवजांत ठेवाव्यात.



काका