ऑपरेशनला आठ वर्षं झाली, आता आम्हाला काय सांगता?

मागच्या अंकात छातीतली गाठ घरच्या घरी कशी तपासायची ते आपण वाचलं. तोच अंक घेऊन आम्ही अकोल्यातल्या एका वस्तीच्या विहारात बसलो होतो. वाचून झालं तशा मागच्या सतरंजीवरच्या एक ताई बोलल्या, "गाठ पायाचं सांगता सिस्टर. माही गाठ काढून आठ वर्सं झाले. मले काय सांगता?"

आमच्याकडे तयार उत्तर नव्हतं. आम्ही म्हणजे अमरावती-अकोल्याच्या वस्त्यांमधून आरोग्याचं काम करणाऱ्या पाच जणी. त्यातल्या दोघी नर्सिंगचा डिप्लोमा करून बरीच वर्षं वॉर्डात राबलेल्या. गाठ लवकर सापडावी, ऑपरेशन व्हावं, योजनेत नाव बसावं, इथपर्यंत आमची धाव. पुढे बाई घरी गेली की आमच्या लेखी ती बरी झाली. त्या दिवसापासून आम्ही अशा बायका शोधू लागलो. कोणाचं ऑपरेशन अकोल्याच्या संत तुकाराम रुग्णालयात झालं होतं, कोणाचं नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी रुग्णालयात, कोणाचं मुंबईला टाटात. कोणाला चार वर्षं झालेली, कोणाला अकरा. एकाच गल्लीत दोघी राहत होत्या आणि एकीला दुसरीचं माहीत नव्हतं.

त्यातली एक अमरावती जिल्ह्यातल्या खेड्यातली. ऑपरेशनला सहा वर्षं झालेली, तब्येत चांगली, कापूस वेचायला जायची. एका सकाळी बोंडाचं वाळलेलं टोक डाव्या हाताला लागलं. वेचणीत असे ओरखडे रोजचेच. संध्याकाळी हात लाल झाला, गरम लागू लागला, रात्री थंडी वाजून ताप भरला. घरचे म्हणाले धावरं आहे, आणि उतरवणाऱ्याकडे घेऊन गेले. तिसऱ्या दिवशी हात मांडीएवढा झाला तेव्हा दवाखान्यात आणलं. दहा दिवस सलाइनमधून औषधं द्यावी लागली. तिथल्या डॉक्टरलासुद्धा तिने छातीच्या ऑपरेशनचं सांगितलं नव्हतं. "छातीच्या आपरेशनचा अन् हाताचा काय संबंध व बाई?" तिने आम्हालाच विचारलं.

संबंध आहे. छातीचं ऑपरेशन करताना बऱ्याचदा काखेतल्या लसीका ग्रंथी काढतात. रक्ताच्या नळ्यांसारख्याच, पण त्याहून बारीक नळ्या हातातलं जास्तीचं पाणी गोळा करून काखेतून पुढे नेत असतात. काख हे त्यांचं जंक्शन. बडनेऱ्याचे रूळ उखडले तर गाड्या जशा मागच्या मागे उभ्या राहतील, तसं ते पाणी हातात साचतं. काखेतल्या ग्रंथी काढलेल्या साधारण पाच बायकांतल्या एकीला ही सूज येते. काखेला शेक, म्हणजे रेडिएशन, दिलं असेल तर शक्यता वाढते. ती ऑपरेशननंतर लगेच येते किंवा दहा वर्षांनीही येते, हे बाईला कोणी सांगितलेलं नसतं. साचलेल्या पाण्यात जंतू लवकर वाढतात, म्हणून त्या हाताचा साधा ओरखडासुद्धा साधा राहत नाही.

इथे आमचीही चूक कबूल करतो. वॉर्डात असताना सुट्टीच्या कागदावर 'हाताची काळजी घ्या' असं लिहून आम्ही मोकळ्या होत होतो. ती काळजी म्हणजे काय, हे कोणाचा हात हातात घेऊन दाखवलं नाही.

तर आता दाखवतो. शिंप्याकडे असते तशी टेप घ्या. कोपराच्या घडीपासून खाली 10 सेंटीमीटर आणि वर 10 सेंटीमीटर, अशा दोन जागी पेनने खूण करा आणि तिथे घेर मोजा. दोन्ही हातांचा. वहीत तारखेसह लिहा. दर महिन्याला त्याच जागी मोजायचं. टेप आवळायची नाही, सैलही सोडायची नाही. ऑपरेशनच्या बाजूचा हात दुसऱ्यापेक्षा 2 सेंटीमीटरने किंवा जास्त भरला, किंवा आधीपेक्षा फरक वाढत चालला, तर डॉक्टरकडे जा. बांगड्या अचानक घट्ट होणं, पोलक्याची बाही रुतणं, हात जड वाटणं ही त्याच्याही आधीची खूण. सूज सुरुवातीला कळली तर व्यायाम, पट्टी बांधणं आणि दाबाची बाही यांनी आटोक्यात राहते. पट्टी मात्र शिकलेल्या फिजिओथेरपिस्टकडूनच बांधून घ्यायची. मालीशवालीकडून रगडून घेणं, गरम विटेने शेकणं यांनी सूज वाढते. हे आपलं आपण मोजता येतं का? एका हाताने दुसऱ्या हाताला नीट टेप लावून पाहा, म्हणजे दुसरी बाई का लागते ते कळेल.

वेचणीला, सोंगणीला जायचंच असतं, पोट आहे. मग जुन्या शर्टाची लांब बाही घाला आणि ओटीत जड वजन साचू न देता लवकर लवकर रिकामी करा. खरचटलं तर साबणाने धुऊन जंतुनाशक मलम लावा. इंजेक्शन, सुई, बीपीचा पट्टा शक्यतो दुसऱ्या हाताला लावायला सांगा. हात लाल होऊन ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना, आणि गेल्या गेल्या पहिलं वाक्य हे, की माझं छातीचं ऑपरेशन झालं आहे. हात वापरायचाच नाही, असं मात्र नाही. भिंतीपाशी उभं राहून बोटं मुंगीसारखी वर चढवायची, रोज थोडी वर. हात बांधून ठेवला तर खांदा आखडतो.

न्यूयॉर्कमध्ये टेरीस लॅसर नावाची बाई होती. तिचा स्तन काढला तेव्हा पुढे काय करायचं हे तिलाही कोणी सांगितलं नव्हतं. 1952 मध्ये तिने स्वतःच दवाखान्यांत जाऊन नुकतंच ऑपरेशन झालेल्या बायकांना भेटायला सुरुवात केली. सोबत हाताच्या व्यायामासाठी रबरी चेंडू आणि दोरी असायची. पुढे 1969 मध्ये अमेरिकेच्या कॅन्सर सोसायटीने तिचं काम आपलं म्हणून चालवायला घेतलं. आपल्याकडच्या बायकांनाही हे कोणी शिकवलं नाही. दादरला गाडगेबाबांच्या नावाची धर्मशाळा आहे, टाटाला आलेले परगावचे पेशंट तिथे उतरतात. गाडगेबाबा आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. त्या धर्मशाळेत अकोल्याच्या एका ताईला अमरावतीची वहिनी भेटली. केमोने तोंड आलं असताना ताक-भाताचा पातळ घास कसा गिळायचा, हे एकीने दुसरीला सांगितलं. दोघींच्या ऑपरेशनला आता सात वर्षं झाली, अजून दर रविवारी फोन असतो. आमच्या गटाची सुरुवात खरं म्हणजे त्या दोघींनी केली, आम्ही मागून जोडल्या गेलो.

आता एक बोलायला अवघड गोष्ट. वर्षावासात रोज संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन असतं, बायका पांढरं पातळ नेसून येतात. एक ताई तीन वर्षं आल्याच नाहीत. सून म्हणायची, गुडघे दुखतात. खरं कारण असं की पांढऱ्या पोलक्यात एक बाजू सपाट दिसते आणि वंदनेला वाकलं की पदर सरकतो. हे त्यांनी आम्हाला नाही, दुसऱ्या ऑपरेशन झालेल्या बाईला सांगितलं. तिने काही न बोलता स्वतःच्या पोलक्याच्या आतला खिसा काढून दाखवला.

बाजारात सिलिकॉनचा स्तन मिळतो, त्याची किंमत हजारांत. कापूस पिकवणाऱ्या मुलखात त्याच्यासाठी अडायचं कारण नाही. मऊ, धुतलेल्या सुती कापडाची वाटीच्या आकाराची पिशवी शिवायची, तिच्यात सरकी काढलेला स्वच्छ कापूस भरायचा आणि तळाशी मोहरीची छोटी पुरचुंडी ठेवायची. मोहरी वजनासाठी. नुसता कापूस हलका असतो, वर सरकतो. दिसण्यापुरताच हा प्रश्न नाही. एका बाजूचं वजन गेलं की काही बायकांचा खांदा तिरका होतो, मान-पाठ धरते. धुताना मोहरी काढून ठेवायची, नाहीतर मोड येतात (एकीच्या पिशवीला आले, त्यावर आम्ही पुष्कळ हसलो). जखम पूर्ण भरल्यावर आणि डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच हे वापरायचं. आणि ज्या बाईला काहीच लावायचं नाही, तिने लावू नये. आमच्यातल्या दोघी लावत नाहीत.

एका घरात आम्हाला दिसलं की ऑपरेशन झालेल्या बाईचं ताट आणि पेला वेगळा ठेवला आहे. कर्करोग उष्ट्याने, कपड्याने, एका अंथरुणाने पसरत नाही. पण मुद्दा तेवढाच नाही. ताट वेगळं ठेवणं म्हणजे काय, हे आपल्या समाजाला आम्ही सांगावं का? सोयरिकीच्या भीतीने आजार लपवणाऱ्या घरांनाही सांगतो, शंभरातल्या साधारण पाच ते दहा जणींचाच हा कर्करोग घराण्यातून उतरलेला असतो. आई, मावशी, बहीण अशा एकाच घरात दोघी-तिघींना झाला असेल तर मुलींनी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. बाकीच्यांनी सोयरीक खुशाल करावी.

गोळीचं थोडक्यात. ज्यांची गाठ हार्मोनवर वाढणारी होती त्यांना टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोल देतात, कोणाला पाच वर्षं, कोणाला दहा. काहीच दुखत नसताना रोज गोळी घेणं जिवावर येतं, मग ती सुटते. अंगातून वाफा निघतात, झोप लागत नाही, म्हणूनही सुटते. मनाने बंद करू नका, त्रास डॉक्टरांना सांगा. टॅमॉक्सिफेन चालू असताना पाळी गेलेल्या बाईला अंगावरून रक्त गेलं, किंवा एक पाय सुजून दुखू लागला, किंवा अचानक दम लागला, तर थांबू नका. लेट्रोझोलने हाडं विरळ होतात, त्याची तपासणी असते. आमच्या गटात जोड्या आहेत. पाकिटातल्या गोळ्या संपत आल्या की जोडीदारीण आठवण करते.

मागच्या वर्षी आमच्यातली एक ताई गेली. ऑपरेशननंतर नववं वर्ष होतं. कंबर दुखत होती, चार महिने ती त्याला निंदणाचं दुखणं म्हणत राहिली, आम्हीही तेच म्हणालो. हार्मोनवर वाढणारा हा आजार पाच वर्षांनंतरही, कधी पंधरा-वीस वर्षांनीही परत येऊ शकतो. म्हणून पाच वर्षं झाली तरी वर्षातून एकदा डॉक्टर आणि दुसऱ्या स्तनाची मॅमोग्राफी चुकवायची नाही. विश्रांतीने न थांबणारं, रात्री वाढणारं हाडाचं दुखणं, शिवणीवर किंवा मानेत गाठ, दम, न थांबणारा खोकला, उगाच वजन उतरणं, यातलं काही दोन-तीन आठवडे टिकलं तर वर्षाच्या तपासणीची वाट पाहू नका. तपासणीला जातानाही रेल्वेत कर्करोगाच्या पेशंटला सवलत मिळते. स्लीपरला पेशंटचं भाडं पूर्ण माफ आणि सोबतच्या एकाला 75 टक्के सूट. त्याचा दाखला दवाखान्यातून भरून घ्या.

ती ताई गेल्यावर दोन महिने गटाला कोणी आलं नाही. "तिले पायलं का मले माहंच दिसते," एक जण म्हणाली. तिच्या पुण्यानुमोदनाला मात्र सगळ्या आल्या आणि तिथल्या अंगणातच पुन्हा बसल्या. मरणाचं बोलायचं नाही, असा आम्ही सुरुवातीला नियम केला होता. तो त्या दिवशी काढला. दोन नियम राहिले. एकीची गोष्ट तिला विचारल्याशिवाय बाहेर सांगायची नाही, आणि एकीने दुसरीला औषध सुचवायचं नाही. विनयपिटकात आजारी भिक्खूची गोष्ट आहे. तो घाणीत पडून होता आणि तथागतांनी आनंदाला सोबत घेऊन त्याला धुतलं. हा आमच्या काही कामाचा नाही म्हणून आम्ही त्याची सेवा करत नाही, असं बाकीच्या भिक्खूंनी उत्तर दिलं होतं. ती गोष्ट आम्ही त्या अंगणात वाचली.

या वर्षावासात अकोल्यात आणि अमरावतीत दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ग्रंथवाचन आटोपलं की अर्धा तास विहारातच बसायचं ठरलं आहे. येताना गोळ्यांचं पाकीट आणि दवाखान्याचा शेवटचा कागद आणा. अकोल्याच्या त्या मागच्या सतरंजीवरच्या ताई आता टेप धरतात. वहीच्या पहिल्या पानावर त्यांचाच हात आहे. कोपराखाली उजवा 23.5, डावा 25. पुढच्या महिन्यात पुन्हा मोजायचा आहे.