शौलाचा दरबार आणि दाविदाची वीणा
दुःखी तरुणांच्या सेवेविषयी एक धडा

वाचावयाचे शास्त्रभाग : १ शमुवेल १६:१४–२३; १८:१०–११; नीतिसूत्रे २५:२०; स्तोत्र १३ व ८८.

ठाण्याच्या खाडीपलीकडे जेथे भातशेते व मिठागरे होती, तेथे सन १९७० मध्ये सिडको स्थापन झाल्यानंतर वाशी, नेरूळ, बेलापूर अशी वस्ती वाढत जाऊन नवी मुंबई उभी राहिली. खेड्यापाड्यांतील पुष्कळ कुटुंबे पोटासाठी तेथे गेली. आईबाप दिवसभर कामावर असतात. मूल खोलीत एकटे असते. कोणाच्या गावठी बोलीची शाळेत थट्टा होते, कोणास घरी मार बसतो, तर कोणी ओळखीच्याच मनुष्याकडून असा छळ सोसलेला असतो की तो त्याच्याने बोलवत नाही. सुटीत ही मुले गावी येतात व उपासनेत आपल्या शेजारी बसतात. खाली मान, झोप नाही, जेवण नाही, क्षुल्लक कारणावरून संताप. आपण म्हणतो, “पोर बिघडले.” परंतु सन २०१५–१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत तपासलेल्या १३ ते १७ वर्षांच्या मुलांपैकी शेकडा सुमारे ७ जणांस मनाचा विकार असल्याचे आढळले. विकार म्हणजे दुर्गुण नव्हे.

पहिली गोष्ट : सेवकांचा विचार. शौल राजा व्याकूळ झाला तेव्हा त्याच्या सेवकांनी त्यास बांधिले नाही, मारिले नाही, की त्याची निंदा केली नाही. त्यांनी वीणा वाजविण्यात निपुण असा मनुष्य शोधावयास सांगितले. “निपुण” ह्या शब्दाकडे लक्ष द्यावे. आज संगीताच्या साहाय्याने उपचार करणे ही शिकून घ्यावयाची विद्या झाली आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळी जखमी शिपायांच्या इस्पितळांत गायन-वादनाचा उपयोग दिसून आला, आणि सन १९४४ मध्ये अमेरिकेतील मिशिगन येथे ह्या विद्येचा महाविद्यालयीन अभ्यासक्रम सुरू झाला. असा उपचारक मुलास गवई बनवीत नाही. तो त्याच्याबरोबर ताल धरतो, त्याच्या आवडीचे गाणे ऐकतो, त्याचे स्वतःचे पद त्यास रचू देतो. भय बसलेल्या मनास शब्द सापडत नाहीत; ताल मात्र सापडतो. गाताना श्वास सावकाश सुटतो व छातीची धडधड शांत होते. शिवाय कोणते गाणे, किती वेळ, हे मूल स्वतः ठरविते. ज्याच्या मर्जीविरुद्ध सर्व काही घडले, त्यास हा लहानसा अधिकारही मोठा असतो.

आपल्या आयांना हे ठाऊक होते. पहाटे जात्यावर बसून त्यांनी सासरचा जाच व माहेरची आठवण ओवीत सांगितली. हेमा राईरकर व गी पॉयतवाँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. जे माणसांपुढे बोलता येत नव्हते, ते जात्यापुढे गाता येत होते.

दुसरी गोष्ट : दुःखाचे गाणेही देवास चालते. खिन्न मनाच्या मनुष्यापुढे आनंदाची गाणी गाणे म्हणजे थंडीच्या दिवशी अंगावरचे वस्त्र काढून घेणे होय, अशा अर्थाचे नीतिसूत्र आहे. म्हणून रडणाऱ्या मुलास “हर्षाने गा” असा हुकूम करू नये. तेरावे स्तोत्र “कोठवर” ह्या प्रश्नाने आरंभ करते. अठ्ठ्याऐंशीवे तर अंधारातच संपते. तरी दोन्ही शास्त्रात आहेत.

तिसरी गोष्ट : वीणेची मर्यादा. तोच शौल, तोच दावीद, तीच वीणा. पण अठराव्या अध्यायात शौलाने भाला फेकिला. संगीताने त्यास चैन पडले होते, परंतु आतील मत्सराचे मूळ गेले नव्हते. उत्तर आयर्लंडात ८ ते १६ वर्षांच्या २५१ मुलांवर असा प्रयोग झाला व त्याचे फल सन २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. संगीतोपचार मिळालेल्या मुलांची खिन्नता उपचारानंतर लगेच कमी आढळली व आत्मविश्वास वाढलेला दिसला. पण काही महिन्यांनी पाहता तो लाभ टिकलेला नव्हता. तात्पर्य, संगीत हा चांगला सोबती आहे. वैद्याची व न्यायाची जागा तो घेऊ शकत नाही.

उपदेशकांनी काय करावे?

१. आठवड्यातून एक संध्याकाळ तरुणांसाठी टाळ-ढोलकी घेऊन बसावे. रेव्ह. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी देशी चालींवर पदे रचून आपल्या मंडळ्यांस मोठा ठेवा दिला आहे. गाण्याची सक्ती करू नये. नुसते बसणाऱ्यासही जागा असावी.

२. एखाद्या चालीने मूल घाबरले किंवा रडू लागले तर ती थांबवावी, जवळ बसावे, कारण उकरून काढू नये.

३. मुलाने छळाची गोष्ट सांगितली तर ती खरी मानावी. घराण्याच्या किंवा मंडळीच्या अब्रूसाठी दाबू नये. सन २०१२ च्या कायद्याप्रमाणे मुलांवरील लैंगिक अत्याचाराची खबर पोलिसांस देणे बंधनकारक आहे. मुलांच्या साहाय्यासाठी १०९८ हा क्रमांक आहे.

४. झोप उडाली, जगणे नको असे बोलणे आले, तर प्रार्थना करावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. मुलास एकटे सोडू नये. टेली-मानसच्या १४४१६ ह्या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

५. भूत लागले म्हणून कोणास बांधू नये. सन २०१७ च्या कायद्याने मनोरुग्णास साखळीने बांधण्यास मनाई आहे.

मनन करावयाचे प्रश्न : शौलाच्या सेवकांनी प्रथम काय केले? वीणा असूनही भाला का सुटला? आपल्या मंडळीत असे कोणते मूल आहे, की ज्याचे गाणे आपण अजून ऐकले नाही?

दाविदाच्या देवाने आपणांस चांगले कान द्यावे, आणि ऐकल्यावर उठून जाण्यास पायही द्यावेत. आमेन.