घासागणिक अवधान : वजनाशी झुंजणाऱ्या साधकांसाठी स्वाध्याय



झाशीत मराठी घरे पेशवाईपासून आहेत. १८४२ साली गंगाधरराव आणि मणिकर्णिका यांचा विवाह जेथे झाला, ते गणेश मंदिर आजही तेथील मराठी माणसाचे श्रद्धास्थान आहे. या घरांतल्या ताटात वरणभात, पुरणपोळी आणि बुंदेलखंडी पुरी-कचोरी सुखाने नांदतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे झुकला की फिरणे बंद होते, ताट मात्र तेवढेच राहते. अशा वेळी साधनेचा उपयोग शरीरासाठी कसा करावा, ते पाहू.

आधी मोजमाप. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागा. १६० सेंटीमीटर उंची आणि ६४ किलो वजन असेल, तर उत्तर २५ येते. भारतीयांसाठी डॉक्टर येथूनच लठ्ठपणा धरतात. पोटाचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटीमीटरपेक्षा जास्त असणे हीसुद्धा धोक्याची खूण आहे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील सुमारे २४ टक्के स्त्रिया आणि २३ टक्के पुरुष २५ च्या पुढे आढळले. म्हणजे आपल्या सत्संगात चार जण बसले असतील, तर त्यांतला एक.

त्या एकाला आपण काय म्हणतो, याचा विचार करा. पंगतीत सर्वांसमोर ‘आता पुरे कर’ म्हटले की वजन कमी होत नाही, लाज वाढते. मग तीच सून किंवा तोच मुलगा रात्री स्वयंपाकघरात एकटा खातो. आनुवंशिकता, अपुरी झोप, काही औषधे, थायरॉईडचे विकार यांनीही वजन वाढते. लठ्ठपणाला खादाडपणाचे पाप समजणे ही साधना नव्हे.

आता अवधान. चित्राहुती घालून, श्लोक म्हणून जेवायला बसण्याची आपली रीत आठवा. भूक आणि पहिला घास यांच्यामध्ये त्यामुळे एक विराम पडत असे. आज तो विराम मोबाईलने गिळला आहे. तो परत आणा. ताट समोर आले की तीन सावकाश श्वास घ्या. पहिले पाच घास मौनात, चव आणि वास जाणून घ्या. अर्धे जेवण झाल्यावर हात थांबवून पोटाला विचारा, अजून किती भूक आहे? पोट भरल्याची जाणीव मेंदूपर्यंत पोहोचायला वेळ लागतो. भराभर जेवणारा त्या जाणिवेच्या आधीच दोन पोळ्या पुढे गेलेला असतो.

संध्याकाळच्या चहाबरोबर शेव-नमकीनची ओढ लागते, तेव्हा तिच्याशी भांडू नका. ती कुठे आहे ते पाहा: पोटात, जिभेवर, की कंटाळलेल्या मनात? दहा श्वास पाहत राहा. ओढ लाटेसारखी चढते आणि बहुधा ओसरते. खरी भूक असेल तर वाटीत काढून, बसून खा. डब्यात हात घालून नको.

एकादशीला ‘उपवास’ म्हणून दोन वेळा साबुदाण्याची खिचडी आणि तळलेले वेफर्स खाणाऱ्यांनी हाच प्रयोग त्या ताटावरही करावा!

मात्र सजगतेला वजन उतरवणारे औषध समजू नका. अमेरिकेत लठ्ठपणा असलेल्या १९४ जणांवर झालेला एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांना आहार-व्यायामाचे मार्गदर्शन होते, एकाला सजगतेचा सरावही दिला होता. दीड वर्षाने त्या गटाचे वजन सरासरी १.७ किलोने अधिक उतरलेले दिसले, पण हा फरक निर्णायक मानता आला नाही. उपाशीपोटीच्या साखरेत मात्र फायदा आढळला. म्हणून आहार, चालणे आणि डॉक्टर यांच्या जोडीने अवधान ठेवा.

गीतेचा सहावा अध्याय सांगतो की अति खाणाऱ्याला योग साधत नाही आणि मुळीच न खाणाऱ्यालाही नाही. मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी विचारल्याशिवाय जेवण टाळू नये. ताबा सुटून खाण्याचे प्रसंग वारंवार येत असतील, तर वैद्यकीय मदत घ्या. झाशीकरांना महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय गावातच आहे.

या आठवड्याचा स्वाध्याय एवढाच: दिवसातले एकच जेवण अवधानाने करा. वहीत दोन ओळी लिहा, बसताना भूक किती होती आणि उठताना पोट किती भरले होते. वजन रोज करू नका, रविवारी सकाळी एकदाच करा.