खुबा निखळला तर पाय ओढू नका

उसाच्या भरल्या गाडीवरून पडून खुबा निखळू शकतो. मांडीच्या हाडाचा गोळा वाटीतून बहुधा मागे सरकतो. मग पाय आखूड दिसतो, गुडघा आत वळतो, उभे राहवत नाही. पाय बाहेर वळला असेल तर हाड मोडल्याची शंका घ्यावी.

पाय ओढू-चोळू नये. आहे तसाच ठेवून गोधडीचा आधार द्यावा, १०८ ला फोन करावा. सांधा भूल देऊन बसवतात, म्हणून खायला-प्यायला देऊ नये. हे काम सहा तासांच्या आत व्हावे. उशिराने गोळ्याचे रक्त तुटू शकते, माणूस जन्माचा अधू होऊ शकतो. कर्जतहून नगर गाठायलाच दीड-दोन तास जातात. तेव्हा आधी दवाखाना. हाडवैद्याकडे वेळ दवडू नका.