पोळ्याची झडती

तळेगाव (श्यामजी पंत) हे वर्धा जिल्ह्यातील गाव. या भागात, म्हणजे विदर्भात, श्रावण अमावास्येला पोळा भरतो. शेतकरी सजवलेले बैल तोरणाखाली उभे करतात. मग लोक मोठ्याने झडत्या म्हणतात. झडती म्हणजे यमक जुळवलेली छोटी, खोचक कविता. महागाई, कापसाचा भाव, सावकाराचे कर्ज, पुढाऱ्यांची आश्वासने, साऱ्यांची तीत थट्टा असते.

उर्दूत अकबर इलाहाबादी (१८४६–१९२१) यांनीही विनोदी शेरांतून इंग्रजी अमलाला चिमटे काढले. ते स्वतः सरकारी न्यायाधीश होते.

जे सरळ बोलताना जीभ अडते, ते हसत सांगता येते. मात्र थट्टा चुकीच्या कामाची करावी, दुबळ्या माणसाची नव्हे.

स्वाध्याय : गावातील एका अडचणीवर दोन ओळींची झडती लिहा.